भिंतीवरचं ताट

"हे कोणाचं हे?"

गेटबाहेर घंटागाडीचं गाणं कानठळ्या बसवत होतं आणि चंद्रभागामावशी गाडीच्या मागच्या बाजूला एक पिशवी हवेत धरून उभ्या होत्या. पिशवीची गाठ त्यांनी सोडलेली होती. आत मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, बटाट्याची सालं आणि मधोमध ऐसपैस बसलेला एक डायपर.

"मी विचारते, कोणाचं हे?"

कोणाचं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्या सोसायटीत डायपर घालायच्या वयाचं माणूस एकच, सेक्रेटरी महेश निकमची वेदिका. तिची आई हर्षाली तिथेच उभी राहून मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत असल्याचं सोंग करत होती.

"मावशी, घाईत राहून गेलं हो," शेवटी ती म्हणाली.

"रोज घाई? अगं, मेथीनं तुझं काय घोडं मारलं? लेकराची घाण तिच्या उरावर कशापायी?"

"मावशी, सोडा ना आता," गाडीवरचा बहिरू वैतागून म्हणाला. "आख्खी गल्ली बाकी हे अजून."

"तू गप रे! तुझाच हात बरबटतो म्हणून बोलते ना मी?"

मावशींनी डायपर वेगळा काढला, कागदात गुंडाळून गाडीच्या वेगळ्या कप्प्यात टाकला, मेथीच्या काड्या आपल्या बादलीत घेतल्या आणि बादली कमरेवर घेऊन मागच्या बाजूला निघून गेल्या. हर्षाली पाय आपटत जिना चढली. मी दूध घेऊन तिथेच उभी होते. खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

मला इथे सगळे 'बाई' म्हणतात, कारण जन्मभर मी मराठी शाळेत शिकवलं. जीभ माझीही काही कमी तिखट नाही. पण चंद्रभागामावशींपुढे मी पाणी भरते. त्या बोलतात ते कुणाला खाली पाडायला नाही, कामापुरतं बोलतात आणि बोलून झालं की विसरून जातात. मला ते आयुष्यात जमलं नाही.

आमची सोसायटी जेलरोडला. तीन बिल्डिंगा, मधे पार्किंग, आणि सर्वांत मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून एक चिंचोळी पट्टी. पूर्वी त्या पट्टीत काय नव्हतं? फुटके कमोड, गणपतीचं थर्माकोलचं मखर, कुणाच्या तरी लग्नातले द्रोण, दारूच्या बाटल्या. तळमजल्यावरच्या ज्या घराची मागची खिडकी तिकडे उघडते ते घर स्वस्तात मिळालं ते त्यामुळेच. झुंबर महालेंनी ते घेतलं. झुंबरदादा रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रुळांवर जन्म काढलेला माणूस, बोलायला अगदी मऊ. रिटायर झाले आणि हरसूलकडचं वाटणीचं शेत भावांच्या नावावर सोडून बायकोला घेऊन इथे आले. दवाखाना जवळ, स्टेशन जवळ, म्हणून.

मावशी आल्या आणि महिनाभर खिडकीशी बसून राहिल्या. मी एकदा विचारलं, करमतं का? तर म्हणाल्या, "बाई, पायाला माती लागत नाय हो कुठं. फरशी, फरशी, फरशी. पाय मुके झाल्यावानी झालेत."

मग एके दिवशी नवरा-बायकोंनी ती पट्टी साफ करायला घेतली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. उकिरडा उपसला, खड्डा खणला, विटा लावून त्याचे दोन भाग केले, वर पत्र्याचं झाकण बसवलं. मग मावशी दारोदार फिरल्या. "सालं द्या, देठं द्या, निर्माल्य द्या. शिजवलेलं देऊ नका. तेलमीठ देऊ नका." लोकांनी आधी हसून घेतलं. मग द्यायला लागले, कारण मावशी दारातून हलायच्याच नाहीत. वर्षभरात त्या पट्टीत कढीपत्ता आला, गवती चहा आला, कारल्याचा वेल भिंतीवर चढला. सोसायटीचा ओला कचरा गाडीत जायचा जवळजवळ बंद झाला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका मावशींच्या दाराशी ताटली घेऊन माती मागायला उभ्या. नवरात्रात घराघरांत घटाभोवती जे हिरवंगार धान उगवतं, ते इथे सगळं मावशींच्या मातीतलं.

पाच वर्षांपूर्वी झुंबरदादा गेले. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, आई, पुण्याला चल. मावशींनी त्याला मागच्या दारात नेलं आणि खड्डा दाखवला. "हे कोणावर टाकून येऊ?" एवढंच म्हणाल्या. मुलगा शहाणा, त्याने पुन्हा विचारलं नाही.

आता खड्डा म्हटला की कावळे आले. आधी दोन-चार यायचे, मग भिंतीवर त्यांची शाळाच भरायला लागली. कावळे म्हटले की शिटणं आलं, आणि शिटणं नेमकं महेश निकमच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीवर. महेश वाईट मुलगा नाही. विम्याच्या कंपनीत आहे, सोसायटीचं काम चोख करतो, पाण्याच्या मोटारीसाठी अर्ध्या झोपेतून उठून खाली येतो. पण त्या गाडीपायी त्याचं डोकं फिरलं होतं. शिवाय कितीतरी जणांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहायच्या, कुणी आरसा फोडायचं, कुणी ओरखडा मारायचं. लोक त्याला रोज विचारायचे, पार्किंगचं काय झालं? त्याला मागची पट्टी दिसायला लागली.

भाद्रपदात बोर्डावर नोटीस लागली. मागील बाजूचा खतखड्डा बंद करून तिथे पेव्हर ब्लॉक बसवणे व पार्किंग करणे, याबाबत सभा. कुणीतरी म्हणालं, अहो, पितृपक्षात कसली सभा घेता? महेश म्हणाला, "बंद करायला मुहूर्त लागत नाही. ब्लॉक दसऱ्याला बसवू."

मावशींना वाचता येत नाही. नोटीस मीच वाचून दाखवली. त्या पदराला हात पुसत उभ्या होत्या, त्या तशाच पुसत राहिल्या.

"म्हणजे वरून सिमिट घालणार?"

"ब्लॉक घालणार. पण एकच ते."

"बाई, ते माझं शेत हे हो," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मला वावर सोडायला लावलं, तर बदल्यात हे करून दिलं. मी पुण्याला गेले नाय ते ह्याच्यापायी. हे गेलं तर मी ह्या फरशीवर बसून करू काय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं. मी म्हटलं, "सभेत बोलू आपण. मी आहे ना."

पितृपक्ष लागला आणि आमच्या सोसायटीत दरवर्षीची गंमत सुरू झाली. वर्षभर लोक कावळ्यांच्या नावाने बोटं मोडतात, आणि त्या पंधरवड्यात 'काव काव' करत गच्चीवर उभे राहतात. कावळे काही वेडे नाहीत. त्यांना गच्चीवरच्या तापलेल्या सिमेंटवर काय काम? ते सगळे मागच्या भिंतीवर, कारल्याच्या वेलाच्या सावलीत.

पंचमीला महेशच्या वडिलांची तिथी होती. खंडेराव निकम, आमचे खंडूअण्णा, दोन वर्षांपूर्वी वारले. फार गोड म्हातारा. रोज सकाळी चहाचा चोथा स्टीलच्या वाटीत घेऊन स्वतः खाली यायचे, खड्ड्यात टाकायचे आणि तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून झुंबरदादांना पेपर वाचून दाखवायचे. झुंबरदादा गेल्यावर मावशींना वाचून दाखवायला लागले. जिलबी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. साखरेच्या आजारामुळे घरात बंदी, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून गुपचूप आणायचे आणि खड्ड्यापाशी बसून खायचे.

त्या दिवशी महेश ताट घेऊन गच्चीवर उभा राहिला. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, आणि कडेला दोन जिलब्या. ऊन चढलं, कढीवर साय धरली, कावळ्याचा पत्ता नाही. घरात सगळे उपाशी, वेदिका रडून हैराण. शेवटी हर्षालीच म्हणाली, "अहो, खाली न्या. मावशींच्या भिंतीवर."

महेशने ताट खाली आणलं. मी माझ्या गॅलरीतून सगळं बघत होते, सोडते की काय! मावशींनी ओल्या फडक्याने भिंतीचा वरचा भाग पुसून दिला. महेशने ताटातलं केळीचं पान वर ठेवलं मात्र, एक डोमकावळा उतरला आणि त्याने सरळ एक जिलबीच उचलली. महेशने हात जोडले. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मावशी हसून म्हणाल्या, "बघ, अण्णांनी आधी गोडच खाल्लं. सवय जाते का?"

झालं! बातमी तिन्ही बिल्डिंगांत पसरली. दुसऱ्या दिवसापासून ज्याच्याकडे तिथी तो थेट मागच्या भिंतीशी. काही दिवस तर ताटांची रांग लागायची. नोटीस लावणारेही त्याच रांगेत आणि नोटिशीला मान डोलावणारेही.

नेमका त्याच वेळी हरसूलहून फोन आला. मावशींची थोरली बहीण धोंडाबाई तापाने फणफणली होती आणि घरात करायला कुणी नव्हतं. मावशींनी गाठोडं बांधलं. जाण्यापूर्वी सकाळी गाडीपाशी उभं राहून सगळ्यांना बजावलं, "भिंतीवर खुशाल ठेवा. पण उरलेलं खड्ड्यात टाकू नका, पाया पडते. माझ्या बादलीत ठेवा, आणि कोणीतरी बादली मागच्या गोठ्यावर नेऊन गायींना घाला. खड्ड्याला शिजवलेलं सोसत नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं?

आता खरा घोटाळा ऐका. कावळा खाऊन खाऊन किती खाणार? एक वडा नेतो, बाकी अख्खं पान तसंच. त्या पानाचं करायचं काय? पितरांचं अन्न. ते घंटागाडीत डायपरशेजारी कसं टाकायचं? मन होत नाही. गोठ्यापर्यंत चालत जायला पाय होत नाहीत. मग उरला खड्डा. तिथे देवाचं निर्माल्य जातं, म्हणजे जागा पवित्रच. लोक झाकण उचलायचे, ते अन्न मोठ्या भक्तिभावाने आत सोडायचे, हात जोडायचे आणि जायचे. खीर, कढी, तळलेले वडे, आळूचं फदफदं, सगळं. मी गॅलरीतून ओरडायचे, "अहो, खड्ड्यात नको!" तर वर बघून मलाही नमस्कार करायचे आणि टाकायचे. यात पाप करतोय असं एकालाही वाटलं नाही, उलट पुण्यच वाटलं. रागवायचं तरी कुणावर?

चार-पाच दिवसांत खड्डा नासला. आधी आंबूस वास आला, मग असा घाण वास सुटला की मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. झाकणाखालून पांढऱ्या अळ्या बाहेर यायला लागल्या. माशांनी उच्छाद मांडला. महेशने नाकाला रुमाल लावून फोटो काढले आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. 'हेच आपण वर्षानुवर्षं सहन करतोय का?' खाली अंगठेच अंगठे.

द्वादशीला सकाळी मावशी परत आल्या. ती झुंबरदादांची तिथी, म्हणून बहिणीला जरा उतार पडताच पहिली बस धरून आल्या होत्या. हरसूलच्या बाजारातून त्यांच्यासाठी नागलीचं पीठ आणलेलं, भाकरी करून ठेवायला. गेटातून आत आल्या, वास आला, आणि घराचं कुलूप न उघडता तशाच मागे गेल्या.

मी खाली जाईपर्यंत त्यांनी गाठोडं वेलाला अडकवलं होतं, पदर खोचला होता आणि फावडं हातात घेतलं होतं. खड्ड्यात उतरून त्या ते सगळं लगदा झालेलं अन्न उपसत होत्या. हाताला अळ्या चिकटत होत्या. मला तर बघवेना. नाक धरून मी लांब उभी.

"मावशी, अहो आज दादांची तिथी ना?"

"हो."

"मग आधी त्यांचं ताट..."

"हे असं ठेवून मी चूल पेटवू? ह्यांनी हातानं खणलेला खड्डा हे हो."

दिवसभर त्या उपसत होत्या. चांगलं खत एका बाजूला, नासलेलं एका बाजूला. वखारीतून लाकडाचा भुसा आणला, चुन्याची भुकटी आणली, सुका पाला गोळा केला, थरावर थर दिले. आणि नासलेलं अन्न? मला वाटलं, आता ते पोत्यात भरून गाडीला देतील. तर तसं नाही. कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली त्यांनी एक वेगळा चर खणला, ते सगळं त्यात घातलं, वर कोरडी माती ओढली आणि हाताने थोपटून सारखी केली.

मी रागाने नुसती धुमसत होते. म्हटलं, "मावशी, कोणी काय टाकलं ते मला सगळं ठाऊक आहे. मी गॅलरीत बसून पाहिलंय. आणि तुम्हालाही कळलंच असणार."

"न कळायला काय झालं? बी बिल्डिंगमधल्या राजूची आई वड्यात तीळ घालायची, तसे वडे त्याच्याचकडं. कुसाबाईंकडं कढीत मुळा. आणि अण्णांची जिलबी तर..." त्या थांबल्या.

"मग सभेत नावं घ्या की! एकेकाचं नाव घ्या. तोंडं बघायची आहेत मला."

मावशींनी फावडं टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, ते डायपर नव्हं. मेलेल्या माणसाचं ताट हे. लेकरांनी बापाला घातलेला घास. ते मी चारचौघांत उचकटून दाखवू? का, माझा खड्डा राहावा म्हणून? नाय बाई. आणि तुम्ही पण बोलायचं नाय. तुम्हाला ह्यांची शपथ हे."

एवढं बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. संध्याकाळ झाली, दिवस मावळला. झुंबरदादांचं ताट त्या दिवशी पडलंच नाही.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. महेशने सगळं नीट मांडलं. वास, अळ्या, माशा, लहान मुलांची तब्येत, रस्त्यावरच्या गाड्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. लोक माना हलवत होते. ज्यांनी वडे टाकले तेही आणि ज्यांनी कढी ओतली तेही. मग तो म्हणाला, "मावशी, तुमचं काय म्हणणं?"

मावशी उठल्या. एवढीशी बाई, खुर्चीवरून उठली काय आणि बसली काय, फारसा फरक पडत नाही.

"वास आला हे खरं हे. आता साफ केलंय. पुन्हा येणार नाय," असं म्हणून त्या बसल्या.

बस्स? एवढंच? माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठले, "मी सांगते, हा वास कशाचा..." आणि माझा पदर खाली ओढला गेला. मावशींनी मुठीत धरून ठेवला होता. "बाई, बसा," त्या हळूच म्हणाल्या. "शपथ घातलीय." जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून खाली बसले.

हात वर झाले. हर्षालीचा हात अर्धा वर जाऊन परत मांडीवर आला, पण बाकीचे पुरेसे होते. खड्डा बंद. दसऱ्याला ब्लॉक. सभा संपली आणि चहा आला. मावशी चहा न घेता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. मला वाटलं, आज कोणाला भिंतीशी यायचं तोंड असेल? पण माणसाला पितरांची भीती लाजेपेक्षा जास्त. एकेक करून सगळे ताटं घेऊन आले. आणि बघतात तर काय, भिंत धुऊन स्वच्छ केलेली, कडेला तांब्यात पाणी, पाण्याशेजारी तुळशीची पानं. मावशी बादली घेऊन बाजूला उभ्या. ज्यांनी काल हात वर केले त्यांच्याच पितरांसाठी या बाईने सकाळी उठून भिंत धुतली होती. कोणी पान ठेवलं, कावळा शिवला, की मावशी बादली पुढे करायच्या, "उरलेलं इकडं द्या. मी नेते गोठ्यावर." बास, एवढंच.

महेश आला. पान ठेवलं, कावळा आला, त्याने हात जोडले. मग सवयीने उरलेलं पान उचलून तो खड्ड्याकडे वळला, झाकणाला हात घातला.

"महेश, तिथं नको बाबा," मावशी म्हणाल्या. "त्यानंच नासतो तो."

महेशचा हात झाकणावर तसाच राहिला. विमा विकणारा माणूस, हिशेब जुळायला वेळ लागत नाही त्याला. तो हळूहळू लाल होत गेला.

"मावशी... पंचमीला तुम्ही घरात गेल्यावर मी इथेच..."

"माहीत हे. अण्णांची जिलबी होती त्यात. तू घोर करू नको. मी कचऱ्यात नाय दिली. ती बघ, त्या लिंबाखाली मातीआड केली. सगळ्यांचंच तिथं हे."

महेशने कडुनिंबाकडे बघितलं. खाली ताजी थोपटलेली माती होती. मागे रांगेत राजू होता, कुसाबाई होत्या, अजून चार जण होते. सगळ्यांनी तिकडेच बघितलं.

"काल सभेत का नाही बोललात?" महेशने विचारलं.

"त्यात काय बोलायचं?" मावशींनी बादली पुढे केली. त्याने पान त्यात ठेवलं.

सगळ्यांची ताटं झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मग मावशी घरात गेल्या आणि झुंबरदादांचं ताट घेऊन आल्या. द्वादशीला राहिलेलं. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, खीर, कारल्याची भाजी. त्या भिंतीपाशी आल्या आणि थांबल्या. एरवी त्या बादली पालथी घालून तिच्यावर चढून पान ठेवायच्या. आज बादली लोकांच्या उष्ट्या अन्नाने काठोकाठ भरलेली. त्यांनी टाचा उंचावल्या, हात पोचेना. पुन्हा उंचावल्या. डाळ हलून पानाच्या कडेला आली.

महेश पुढे झाला. "द्या मावशी, इकडे द्या." त्याने दोन्ही हातांनी पान घेतलं, भिंतीवर ठेवलं, तांब्यातलं पाणी भोवती फिरवलं. "झुंबरदादा, या," तो म्हणाला.

कावळे सकाळपासून खाऊन तट्ट फुगलेले. मी मनातल्या मनात म्हणत होते, येऊ नको रे मेल्या, जरा अडव! अडव म्हणजे या महेशला सगळ्यांसमोर कबूल करावं लागेल, की खड्डा राहील. असंच करतात ना लोक? कावळा शिवेना की काहीतरी कबूल करतात.

पण एक कावळा लगेच आला. भाकरीचा तुकडा चोचीत धरून निवांत बसून राहिला. काहीही कबूल न करून घेता. झुंबरदादांनी आयुष्यात कुणाला कशासाठी अडवलं नव्हतं, ते आता कुठून अडवणार? मावशींनी डोळे पुसले. मी तर सरळ रडले, कोणाला काय वाटायचं ते वाटो.

त्या दुपारी घटासाठी माती न्यायला बायका आल्या. पहिली हर्षाली होती. तिच्या हातात ताटली होती, आणि दुसऱ्या हातात दोन पिशव्या, ओला वेगळा, सुका वेगळा. मावशींनी दोन्ही पिशव्या उघडून बघितल्या. बघणारच. मग चाळणीने चाळून माती दिली. खड्डा बंद करायचं ठरवणाऱ्या प्रत्येक घरी देवी त्या वर्षीही त्याच मातीत बसली.

नवरात्रात कोणी खड्ड्याचा विषय काढला नाही. मावशी रोज पाला घालायच्या, भुसा घालायच्या, हात लावून ऊब बघायच्या. दसऱ्याच्या सकाळी गेटाशी टेम्पो आला, ब्लॉकने भरलेला. मी चपला न घालता खाली गेले. मावशी मागच्या दारात उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून, अंग चोरून.

महेश टेम्पोजवळ होता. नवा सदरा, कानावर घटातल्या धानाचा तुरा. हमालांना म्हणाला, "मागे नाही. गेटाशी डबकं साचतं ना, तिथे उतरवा सगळे. गाड्या तिथे लावू, थोड्या दाटीने." मग त्याने स्वतः ब्लॉक उचलले आणि मागे निघाला. दोन-तीन फेऱ्या केल्या. नव्या सदऱ्यावर सिमेंटची धूळ लागली. भिंतीच्या पायथ्याशी त्याने ब्लॉकवर ब्लॉक रचून एक पायरी केली.

"मावशी, चढून बघा."

मावशींनी एक पाय ठेवून बघितला. "हलतं हे," म्हणाल्या. महेशने खाली कपची सरकवली, माती ठोकली. "आता?"

त्या वर चढल्या. भिंत त्यांच्या छातीएवढी आली.

"पुढची सभा घेतो मी," महेश मान खाली घालून म्हणाला. "तो ठराव... बघतो काय ते."

मावशींनी पदराच्या गाठीतून आपट्याची पानं काढली, एक महेशला दिलं, एक मला दिलं. "सोनं घ्या," म्हणाल्या. "आणि उद्या ही पानं गाडीत टाकू नका. माझ्याकडं आणा."

मग पायरीवर उभं राहूनच त्यांनी एक पान भिंतीवर ठेवलं, जिथे ताट ठेवतात तिथे, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक खडा ठेवला.